पाहुण्यांसमोर मोजलेला श्वास

“सिस्टरबाई, मला काय बी झालं न्हाई. माझा शर्ट द्या, मी निघतो,” म्हणत शिंदेमामांनी कॉटवरून पाय खाली सोडले. माझ्या विद्यार्थिनी माझ्याकडे बघायला लागल्या. शिक्षिकेला उत्तर माहीत असतं, असा त्या वयात समज असतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात मी बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलींना पॅथोफिजिऑलॉजी शिकवायचे. माणूस आजारी पडतो तेव्हा आत नेमकं काय बिघडतं, ते सांगणारा विषय. माझा तास जेवणानंतर असायचा. मुली पेंगायच्या. त्यांना काय बोलणार? फळ्याकडे तोंड करून मीही जांभया दिल्या आहेत.

मामा मूळचे साताऱ्याकडचे, पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. तिथे पितळेचे पार्ट अ‍ॅसिडमध्ये बुडवून चकचकीत करायचे. त्या सकाळी अ‍ॅसिडचा कॅन भंगारावर लवंडला आणि तपकिरी धूर झाला. बाकीचे बाहेर पळाले, मामा खिडक्या उघडायला आत राहिले. थोडा खोकला आला, डोळे चुरचुरले, मग थांबलं. मालकाने बळेच रिक्षात घालून आणलं. एक्स-रे स्वच्छ आला. तरी डॉक्टर म्हणाले, “उद्यापर्यंत सोडायचं नाही.”

कारण हा धूर कावेबाज. फुफ्फुसात हवेचे बारीक फुगे असतात, द्राक्षांच्या घडासारखे. धुराने त्यांचा पापुद्रा पोळतो, पण लगेच कळत नाही. काही तासांनी त्यातून पाणी झिरपायला लागतं आणि माणूस कोरड्या कॉटवर बुडायला लागतो. मधल्या वेळात त्याला छान वाटत असतं. या मधल्या वेळाला आम्ही लेटंट पिरियड म्हणतो.

हे सगळं मी मामांना समजावलं. हातवारे करून, द्राक्षांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“लई झ्याक सांगता. आता शर्ट द्या.”

त्यांच्या बायकोने मला बाजूला घेतलं. संध्याकाळी घणसोलीच्या त्यांच्या खोलीवर पाहुणे येणार होते, थोरल्या मंगलला बघायला. “पोरीचा बाप दवाखान्यात म्हटल्यावर लोक टीबी म्हनतील, दारू म्हनतील. चांगलं ठिकाण हाय, मॅडम. हातचं जाईल.”

म्हणजे मामांना कसं वाटतंय हे विचारून उपयोगच नव्हता. ते मरेपर्यंत बरेच असणार होते.

“मग पाहुण्यांना इथंच बोलवा,” मी म्हणाले. घरी सासूबाईंना विचारल्याशिवाय मी चहाचं आधणही ठेवत नसे, आणि इथे दुसऱ्याच्या मुलीचा कार्यक्रम परस्पर ठरवून मोकळी झाले. डॉक्टर हसून ‘बरं’ म्हणाले. वॉर्डच्या सिस्टर हसल्या नाहीत. “मॅडम, मांडवाला खड्डे कुठे खणू?”

मामा कसेबसे तयार झाले. अट एकच, शर्ट स्वतःचा घालणार.

मी मुलींना कोपऱ्यात घेतलं. “पेशंट सांगतो ते सिम्प्टम. आपल्याला दिसतं, मोजता येतं ते साइन. मामा सिम्प्टम सांगणार नाहीत. साइन त्यांना लपवता येणार नाही.” त्यांच्यातल्या सारसोळ्याच्या सुनंदाला मामांच्या उशाशी बसवलं. श्वास मोजायचा तर मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस तो नीटनेटका घ्यायला लागतो. दुपारी मामांचा श्वास मिनिटाला अठरा होता. उत्तम.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आई आणि पेढ्यांचा बॉक्स. मंगल स्टुलावर बसली. मुलाच्या आईशी मी अशा काही गप्पा मारत होते की कुणाला मी मुलीची मावशी वाटावी.

“आता बरं वाटतंय ना?” मुलाच्या वडिलांनी विचारलं.

“एकदम...” मामांनी दम घेतला. “...फर्स्टक्लास.”

सुनंदा उठून माझ्याजवळ आली. “मॅडम, अठ्ठावीस.”

“अठ्ठावीस?” मुलाची आई ताडकन म्हणाली. “आम्हाला तर बावीस सांगितलं होतं!”

हसायला वेळ नव्हता. मामांच्या ओठांवर निळसर छटा आली होती. मी त्यांना टेकवून बसवलं, सुनंदाने ऑक्सिजनचा मास्क लावला, दुसरी विद्यार्थिनी डॉक्टरांकडे पळाली. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. आत बुडबुड आवाज सुरू झाला होता. मामांना आयसीयूत हलवलं. पुढचे दोन दिवस फार वाईट गेले. तिसऱ्या दिवशी मास्क बाजूला सारून ते पहिलं वाक्य बोलले, “पाव्हणं काय म्हनाले?”

पाव्हण्यांनी होकार कळवला होता. बापाला टीबी नाही, दारू नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. नकार मंगलने दिला.

“बाबांना दम लागला, तवा ह्यो मुलगा पेढ्याचा बॉक्स बंद करून परत पिशवीत ठेवत होता,” ती म्हणाली. “मी बघितलं.”

मुलाची साइन तिने बरोबर टिपली होती.

डिस्चार्जच्या दिवशी मामांनी हात जोडले. “सिस्टरबाई, जीव वाचवलात, पर ठिकाण घालवलंत.” पुढे मंगलचं लग्न साताऱ्याला झालं. पत्रिका आली, मी गेले, दोनदा जेवले.

तेव्हापासून नव्या बॅचला पहिल्याच तासाला सांगते, “पेशंट ‘बरा आहे’ म्हणाला तर आनंद माना आणि त्याचा श्वास मोजा. आणि समोर पाहुणे बसले असतील, तर परत मोजा.” एवढं ऐकेपर्यंत मुली जाग्या असतात. त्यानंतर मी विषय शिकवायला घेते.