आखाजीची आगारी आणि फोनातला रेडिओ

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. तरी हे लिहितोय, कारण बोलून सांगायला गेलो की लोक हसतात, आणि त्यात हसण्यासारखं अर्धंच आहे.

बायको दिवाळीनंतर गेली. तेरावं झालं आणि मुलानं मला उचलून जर्मनीला नेलं. उचलूनच म्हणायचं, मला कोणी विचारलं नव्हतं. बोदवडजवळचं गाव, कपाशीचं रान, दारातली शेळी, सगळं पुतण्याच्या हवाली केलं आणि मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसलो. मुलगा-सून चांगली आहेत, खोटं कशाला बोलू? पण दोघं कामाला गेली की मी आणि खिडकी. खाली रस्त्यावर माणसं जातात-येतात, कोणी कोणाला हाक म्हणून मारत नाही.

मुलानं माझ्या फोनमध्ये जळगावचा रेडिओ लावून दिला. बटण दाबलं की आपल्याकडचं बोलणं सुरू. बोंडअळीवर काय फवारावं, केळीचा भाव, धुळ्याला ऊन किती तापलं. मी अंगात स्वेटर घालून धुळ्याचं ऊन ऐकत बसायचो.

पण फवारणी ऐकायला मी रेडिओ लावत नव्हतो. बायकोचा आवाज माझ्याकडून निघून चालला होता. चेहरा दिसायचा, पदर दिसायचा, भाकर थापतानाचे हात दिसायचे. आवाज येईना. ती काय बोलायची ते आठवायचं, कसं बोलायची ते नाही. मुलाचा फोन आम्ही दोघांनी धुंडाळला. फोटो ढीगभर. व्हिडिओ काढायला गेलं की ती तोंडावर पदर घ्यायची आणि मुकी होऊन बसायची. आमच्या घरात तिच्या आवाजाचा एक तुकडा नव्हता. होता तो रेडिओवाल्यांकडे.

त्याचं असं झालं होतं. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा तिचा मान मोठा. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि दोन गावच्या बायका नदीच्या दोन काठांना उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या घालतात. बायको धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. आमच्या गावच्या बायका तिच्या बोलण्याला हसायच्या, पण शिव्यांचं गाणं तिच्याइतकं झणझणीत कोणाला यायचं नाही. म्हणून गावच्या बायका जळगावच्या रेडिओ केंद्रावर गाणी भरायला गेल्या तेव्हा तिला सोबत घेतलं. फार वर्षं झाली त्याला. तिला दम धरवायचा नाही. सगळ्यांच्या आधी ओळ उचलायची. तिथल्या साहेबांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, ही दरवेळी पुढेच. शेवटी त्यांनी हात टेकले आणि तसंच ठेवलं.

मग दर आखाजीला दुपारी बाराच्या बायकांच्या कार्यक्रमात ते गाणं लागायचं. ती चुलीकडे तोंड करून बसायची, जसं काही ऐकतच नाही. मी म्हणायचो, पळाली बघ पुढे. ती मान न वळवता म्हणायची, "मंग काय, तुमनामायक मांगे ऱ्हाऊ?" म्हणजे तुमच्यासारखी मागे राहू का.

या वर्षी ते लावतील का, हे कोणाला ठाऊक? पुतण्याला मी जळगावला विचारायला पाठवलं. आखाजीची गाणी लावणार म्हणाले, कोणती ते त्याच दिवशी ठरेल. तेव्हापासून मला जेवण जाईना. सून म्हणाली, नाना, इतका घोर लावून घेऊ नका. मी म्हटलं, तुझ्या आईचा आवाज तुझ्या कानात आहे ना, मग गप बस. असं बोलायला नको होतं, पण बोललो.

त्यात बायको गेल्यावरची ही पहिली आखाजी. गावी पुतण्या तिच्या नावाची घागर भरणार होता, वर डांगर, म्हणजे खरबूज, नि सांजोऱ्या ठेवून. पण आगारी मुलानंच टाकायची. आगारी म्हणजे पेटलेल्या गोवरीवर तूप सोडायचं आणि पुरणपोळी-आमरसाचा घास ठेवायचा. धूर वर गेला की पितर जेवले. मग आपण जेवायचं. सुनेनं कुठून तरी गोवऱ्या मागवल्या. रंगीत पाकिटात शेण बघून मला कित्येक महिन्यांनी हसू आलं.

मुलगा म्हणाला, नाना, तुम्ही आधी गाणं ऐकून घ्या, आगारी इथल्या बाराला टाकू. गावचे बारा म्हणजे जर्मनीत सकाळचे साडेआठ.

"तिला इथलं घड्याळ काय माहीत?" मी म्हटलं. "ती गावच्या बारालाच जेवायला येईल. आणि पान मांडलेलं नसलं तर?"

सून म्हणाली, मग गॅलरीत टाकू, घरात धूर नको. मी म्हटलं, भिकाऱ्याला वाढतात बाहेर. ती छताकडे बघून मुलाला काहीतरी म्हणाली. छताला एक पांढरी डबी होती. मला वाटलं दिवा असेल.

सकाळी मी अंघोळ करून फोन मांडीवर घेऊन बसलो. मुलगा गोवरी पेटवायला बसला. तिकडच्या चुलीला जाळ नाही, नुसती काच तापते. कापूर संपत आला तरी गोवरी पेटेना. इकडे रेडिओवर खताची जाहिरात, मग बाई बोलू लागली, आखाजीच्या शुभेच्छा, मग पहिलं गाणं. ते धरणगावकडच्या बायकांचं. एक गाणं गेलं, किती उरली? मुलगा फुंकर मारतोय, डोळे लाल झालेले. बाई पुन्हा बोलू लागली आणि तिनं आमच्या गावाचं नाव घेतलं.

तेवढ्यात गोवरी धरली. मुलानं तूप सोडलं. भपकन धूर उठला आणि ती छताची डबी बोंबलायला लागली. डबी कसली, डोक्यात खिळा ठोकावा तसा आवाज. फोनमध्ये टाळ्या सुरू झाल्याचं मला कळलं, पुढचं काही नाही. मुलगा खुर्चीवर चढून टॉवेल हलवतोय, सून खिडक्या उघडतेय, दार कोणीतरी ठोकतंय. खालच्या मजल्यावरची म्हातारी असणार, तिला आमची फोडणीसुद्धा सोसत नाही.

मी फोन घेऊन पळालो. दार नीट बंद होणारी एकच खोली होती, संडास. आत गेलो, कडी लावली. पितरांचं पान मांडलंय आणि मी संडासात. पण लाज धरायला वेळ नव्हता. फोन कानात खुपसला. गाणं मध्यावर आलं होतं. बायका घोळक्यानं म्हणत होत्या,

तुमना गावनं पानी खारं शे,
मानसे बठ्ठा वाकडा शेतस.

तुमची माणसं सगळीच वाकडी, अशी ती शिवी. त्या घोळक्यात बायको कुठे, सापडेना. बाहेर डबी किंचाळतेय. आता शेवटचं कडवं. ते तीच आधी उचलते, बाकीच्या मागून येतात.

आणि रेडिओ बंद पडून फोन वाजायला लागला. पुतण्या.

त्याचा काय दोष? नानांना कळवावं म्हणून धावला असेल. पण त्या वेळी तो समोर असता तर मी त्याला तुडवला असता. फोन उचलला तर म्हणतो, "नाना, लागलं, लागलं! काकूचं गाणं लागलं, ऐकताय ना?"

आणि त्याच्या मागून टाळ्या ऐकू आल्या. त्यानं रेडिओ ओट्यावर आणून ठेवला होता, घागरीपाशी.

मी म्हटलं, "तोंड बंद कर. फोन रेडिओला चिकटव."

खरखर झाली. एक कुत्रं भुंकलं. मग टाळी पडली आणि टाळीच्या आत एक बाई पुढे पळाली. एकटी. अर्धा शब्द असेल, जास्त नाही. लगेच बाकीच्या येऊन तिच्यावर पडल्या आणि ती त्यांच्यात बुडाली. पण तेवढा अर्धा शब्द तिचा होता. जाड, जरा चिरका, चुलीच्या धुरातून हाक मारल्यासारखा. असा होता तो. मी कसा विसरलो होतो?

गाणं संपलं. पुतण्या हळूच म्हणाला, "नाना, आलं का ऐकू?"

"आलं," म्हटलं, आणि फोन ठेवला.

डबी केव्हा थांबली, मला कळलं नाही. मी अंघोळ केली पुन्हा, संडासातून तसाच पानाजवळ जाणार नव्हतो. बाहेर आलो तर डबी टेबलावर, पोटातला सेल बाहेर काढलेला. दारात खालची म्हातारी उभी होती. मुलगा म्हणाला, नाना, काय जळालं म्हणून विचारतेय.

"सांग, माझी बायको जेवायला आलीय."

त्यानं दुसरंच काहीतरी सांगितलं. सुनेनं तिच्या हातात सांजोरी दिली. ती वास घेत जिना उतरून गेली.

मी आगारीजवळ बसलो. घास पुरता काळा झाला होता, कण शिल्लक नव्हता. मुलगा माझ्याकडे बघत होता. ऐकलं म्हणून मी मान हलवली तसा तो तोंड फिरवून खिडकीशी गेला.

सून म्हणाली, नाना, आता वाढू का?

मी म्हटलं, वाढ. ती पुढे जेवून गेली.