गिरजामावशीचा एक खाडा

आजारी पडायचा नंबर त्या दिवशी आईचा होता. पडली मावशीही. आणि मेली.

आज पौषातली अमावास्या. गिरजामावशी गेल्याची तारीख कोणालाच माहीत नाही, आई ही तिथी धरायची. आई गेल्यावर मी धरते.

फोटो नाही. मागू नका.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही वडसाला, रेल्वेलाईनच्या बाजूला राहायचो. बाबा जंगलात लाकूडतोडीवर, महिन्यातून एखादवेळी घरी. घरात आई, मी आणि आईची धाकटी बहीण गिरजा. नवऱ्यानं टाकलेली.

आई तांदळाच्या मिलमध्ये जायची. तिथं धान उकळून पटांगणात पसरायचे आणि बाया दिवसभर ते पायानं फिरवायच्या. अनवाणी. पाय भाजले तर कोणाला सांगायचं नाही.

मिलमध्ये सुट्टी नव्हती. म्हणजे ‘नाही’ असं कोणी म्हणत नव्हतं. बरं नसेल तर घरचं कोणी पाठवा, एवढंच दिवाणजीचं म्हणणं. बाई कोणतीही चालेल, जागा रिकामी दिसू नये.

आता याला ऍडजस्टमेंट म्हणतात.

दिवाळीनंतर आईला हिवताप धरला. एक दिवस हुडहुडी, एक दिवस ठणठणीत. तापाच्या दिवशी मावशी जायची.

मग मावशीलाही तोच ताप लागला. पण नशीब पाहा, तिचा ताप आईच्या बऱ्या दिवशी यायचा.

दोघी हसायच्या हो! एकीनं वाकळ अंगावरून काढली की दुसरीनं ओढायची. मावशी म्हणायची, "बाई, आपला ताप बी शहाणा हाये."

तिकडे दिवाणजी बाकीच्या बायांना आईचं उदाहरण द्यायचा. हिच्या घराकडून शिका म्हणे, एक खाडा नाही. शेठ आल्यागेल्याला सांगायचा की आमच्या मिलमध्ये कोणी आजारी पडत नाही.

दोन तापलेल्या बायांची मिळून एक धडधाकट बाई झाली होती. कोणाला दिसली नाही. की पाहायची नव्हती, देव जाणे.

त्या दिवशी आई वाकळीत होती. मावशीचा खरं तर बरा दिवस, पण ती चुलीपुढे बसली आणि तिचे दात वाजायला लागले. चहाची कपबशी हातात राहीना.

आई म्हणाली, जाऊ नको.

मावशी म्हणाली, "जागा गेली तं खाऊ काय? आन तिथं धान गरम रायते. मले बरंच वाटन."

गेली.

पुढचं आईला मिलमधल्या बायांनी सांगितलं. मावशी नुकत्याच काढलेल्या धानाच्या ढिगात जाऊन पडली. गळ्यापर्यंत धान ओढून घेतलं. एकीनं वरून बारदाना टाकला. हुडहुडी थांबेल तेवढा वेळ, बस.

दिवाणजीनं पाहिलं. त्याला वाटलं, झोपली. घरी झोपायला जागा नाही का, असं काहीतरी बोलला.

मावशी उठली. "ताप हाये" असं म्हणाली नाही. म्हणायची पद्धतच नव्हती. पाय ओढत धान फिरवायला लागली आणि पटांगणाच्या मधोमध कोसळली.

मिलच्या खाचरात, म्हणजे बैलगाडीत, घालून तिला घरी आणलं. अंग इस्तवासारखं. मला ओळखत नव्हती. डॉक्टरला बोलवायला माणूस गेला होता, तो परत यायच्या आधीच सगळं संपलं.

आई तिच्या केसांतले धानाचे दाणे वेचत बसली होती. स्वतः थरथरत.

दिवाणजी संध्याकाळी आला. वाईट माणूस नव्हता, खोटं कशाला बोलू. डोळे भरले होते त्याचे. खाली सतरंजीवर बसला, फार कामाची बाई होती म्हणाला.

उठताना दारात थांबला आणि आईला विचारलं,

"उद्याले कोण येते मंग?"

आई म्हणाली, "मी येतो."

आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिचा बरा दिवस होता ना.

मी मोठी झाल्यावर त्या माणसाला किती शिव्या घातल्या! आईनं एकही घालू दिली नाही. म्हणायची, "अवं, त्यानं जागा ठेवली आपली. दुसरा असता तं ठेवली नसती."

मरेपर्यंत ती त्याचे उपकार मानत होती. याचा राग मला दिवाणजीपेक्षा जास्त येतो. अजूनही येतो.

आता हे सगळं आज काऊन लिहून राह्यली?

परवा चंद्रपूरला नातवाच्या मोबाईलच्या दुकानात गेले होते. काउंटरवर नेहमीची पोरगी नव्हती, दुसरीच. चेहरा तसाच. विचारलं, तर म्हणाली, "ताईले टायफॉइड झाला आजी. सर म्हणले कोणाले तरी पाठव. म्हून मी आली."

मी तशीच माघारी फिरले.

घरी आल्यावर नातवाला बोलले. बरंच बोलले. तो शांतपणे म्हणाला, "आजी, छोटा धंदा आहे, स्टाफ दोनच. आणि मी काय तिला काढून टाकलं? जागा ठेवली ना तिची."

जागा ठेवली.

पोराला हे शब्द कोणी शिकवले? मी तर नाही शिकवले. त्याला मावशीचं नावही माहीत नाही. आता ही पोस्ट वाचेल, लाईक करेल आणि उद्या शटर उघडेल.

मावशे, तुले श्रद्धांजली काय वाहू? फूल नको, दिवा नको. आईनं त्या संध्याकाळी जे म्हणायला पाहिजे होतं, ते मी आज म्हणते.

दिवाणजी, गिरजाले बरं नाई. ते येनार नाई.

आमच्या घरून उद्याले कोणीच येनार नाई.