परत खोवलेला कोंब

देशपांडे नगरात नागोजीला नवं काम मिळालं, की त्यामागं बहुतेक अंबूताईंचा शब्द असे. "आमच्या नागोजीचा हात लागला की वाळकी काठीसुद्धा पालवते," असं त्या शेजारीपाजारी सांगत सुटत. एवढं काही खरं नव्हतं, पण नागोजीनं ते कधी खोडूनही काढलं नाही. अळणावरकडच्या खेड्यातून रोज बसनं हुबळीला येणारा, पाच घरांच्या बागा सांभाळणारा हा पन्नाशीचा माणूस. स्तुती कानावर पडली की डोक्यावरची टोपी सारखी करायचा आणि उगीचच जोरजोरात खुरपायचा.

अंबूताई शाळेतून निवृत्त झालेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, घरात एकट्या. मुलगा उमेश बंगळूरला. एप्रिलात गारपीट झाली, त्या वादळानं त्यांच्या दारचा गुलमोहर आडवा केला. अंगण बोडकं दिसायला लागलं.

"रोप लावू या की, अक्का," नागोजी म्हणाला.

"रोप मोठं होईस्तोवर वाट बघायला मी काय विशीतली आहे? मला उभं झाड हवं. सकाळी चहा पिताना मान वर करून बघता येईल असं."

उभं झाड कुठून आणायचं? नागोजीची धाकटी बहीण रूपा आणि तिचा नवरा गोपाळ यांची धारवाड रस्त्याला नर्सरी होती. त्याच गारांनी तिची पार दैना करून टाकली होती. कुंड्या फुटल्या, रोपं झोपली. एक उंचापुरा रॉयल पाम तेवढा उभा होता, पण त्याच्या झावळ्यांच्या चिंध्या झालेल्या. गोपाळ तो अर्ध्या किमतीत द्यायला तयार झाला. एरवी असलं झाड अंबूताईंना झेपलं नसतं. नागोजी रिक्षा करून त्यांना घेऊन गेला.

अंबूताईंनी झाडाभोवती दोन फेऱ्या घातल्या. फाटक्या झावळीवरून हात फिरवला. "बिचारं! मार खाऊन उभं आहे की रे." मग त्या रूपाच्या मागं चहाला गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तू नीट बघून घे. तू म्हणशील तसं."

नागोजी शिडीवर चढला. आंब्याची एक फांदी मोडली तर चार फुटतात. पामाचं तसं नसतं. त्याला वाढायला जागा एकच, शेंड्याचा गाभा. तिथून मिटलेल्या पानाचा कोंब सुरळीसारखा वर येतो. तो हलकेच ओढून बघायचा. घट्ट बसलेला असला तर झाड जगलं. निघून आला तर झाड गेलं, मग खालच्या झावळ्या चार-चार महिने हिरव्या का राहिनात.

त्यानं ओढला, आणि कोंब अलगद हातात आला. बुडाशी काळा पडलेला, आंबूस वास येणारा.

नागोजीनं खाली बघितलं. गोपाळ पलीकडं फुटक्या कुंड्या गोळा करत होता. रूपा अंबूताईंना चहा देता देता हसत होती. गारपिटीनंतर ती हसलेली त्यानं पहिल्यांदाच पाहिली. आपणच आणलेलं गिऱ्हाईक बहिणीच्या दारातून परत कसं न्यायचं? भाऊ आहे की वैरी? त्यानं कोंब होता तिथं परत खोवला, वरून दाबला आणि खाली उतरला.

"काय रे, जगेल का?" अंबूताईंनी विचारलं.

"जगंल की," नागोजी म्हणाला. "घ्या तुम्ही."

दोनच वाक्यं. पण त्या दिवशी रूपानं जेवायला थांबवलं, तरी तो थांबला नाही.

झाड लावलं. अंबूताई रोज मोजून दोन बादल्या पाणी घालू लागल्या. आल्यागेल्याला दाखवायच्या, "नागोजीनं निवडलंय." तो आला की विचारायच्या, "नवं पान कधी उघडेल रे?" आणि तो म्हणायचा, "वेळ लागतो, अक्का." दर मंगळवारी तो नवं खोटं बोलायचा. घरी मनाची समजूत घालायचा, की एखादं झाड जगतंही. एकही जगत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

गणपतीच्या तोंडावर शेवटची झावळी पिवळी पडून गळाली. नागोजी आला तेव्हा अंबूताई पायरीवर बसल्या होत्या. आरडाओरडा नाही, तक्रार नाही.

"माझ्याच हातून पाणी जास्त झालं रे," त्या म्हणाल्या. "घातलेलं विसरून परत घालत असेन. परवा गॅसही तसाच राहिला होता. उमेश म्हणतो ते खरं आहे, मला आता एकटीला जमत नाही. तो रविवारी न्यायला येतोय. घर भाड्यानं द्यायचं म्हणतोय."

झाडापुरतं पाप होतं तोवर नागोजीनं ते कसंबसं पचवलं होतं. आता त्या खोट्यापायी बाईचं घर सुटत होतं, आणि वर त्या स्वतःलाच दोष देत होत्या.

"पाण्यानं न्हाई मेलं, अक्का."

"मग?"

"आणलं तवाच मेलेलं हुतं. कोंब माझ्या हातात आलेला. मी परत खोवला." त्याला वर बघवेना. "गोपाळला ठाव न्हाई, रूपाला बी न्हाई. मला एकट्यालाच ठाव हुतं."



"मी दर मंगळवारी तुला विचारत होते," अंबूताई म्हणाल्या.

"व्हय."

"आणि तू मला वेळ लागतो म्हणत होतास."

"व्हय, अक्का."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आत जाऊन त्यांनी फोन लावला. खिडकीतून त्यांचा शाळेतला ठणठणीत आवाज बाहेर आला, "उमेश, रविवारी येऊ नकोस. मी कुठं जात नाही. झाड माझ्या हातून मेलेलं नाही."

मग त्या दारात आल्या. "हे खोड काढ, खड्डा बुजव. आणि पुढच्या मंगळवारपासून तू येऊ नकोस."

नागोजीनं मान हलवली आणि कुदळ उचलली. खोड सहज निघालं, मुळांनी माती धरलीच नव्हती. खड्ड्यात माती लोटताना त्याला किती दिवसांनी मोकळं वाटलं. आणि असं मोकळं वाटल्याचीच त्याला लाज वाटली.