कॅप्टनचं उजवं, आपलं डावं

नवा झेंडेवाला कामावर आला की पहिल्या दिवशी मी त्याला कापसाच्या कडेला उभा करतो, स्वतः त्याच्यासमोर उभा राहतो आणि एकच गोष्ट शिकवतो. विमान समोरून येतं, म्हणून कॅप्टनचं उजवं ते आपलं डावं. हे ज्याच्या डोक्यात शिरत नाही त्याला मी घरी पाठवतो, मग तो माझ्या सख्ख्या मावशीचा मुलगा का असेना.

काम तसं सोपं आहे. अळी पडली की फवारणीचं विमान येतं. शेताच्या टोकाला पांढरा झेंडा धरून माणूस उभा राहतो. कॅप्टन त्या झेंड्यावर नेम धरून, झाडांना चाकं लागतील की काय असा खालून येतो. तो सरळ रेषेत आला की झेंडेवाल्यानं बाजूला, पुढच्या पट्ट्यावर सरकायचं. चुकीच्या बाजूला सरकला तर विषानं आंघोळ होते. सरकलाच नाही तर त्याबद्दल न बोललेलं बरं.

मी शहाता, दमनहूरकडच्या झेंडेवाल्यांचा मुकादम. आणि कॅप्टन रिफअत माझा मेहुणा, माझ्या धाकट्या बहिणीचा, इन्शिराहचा नवरा.

त्याच्याइतका सरळ पट्टा कुणी मारला नाही, हे मी नात्यातला म्हणून सांगत नाही. नात्यातल्या माणसांबद्दल मी सहसा वाईटच बोलतो. शिंप्याच्या घरात जन्मलेला माणूस, बापाने खडूची रेघ ओढावी तसा तो विमान ओढायचा. उतरला की बूट काढून बांधावर मांडी घालायचा आणि आमच्याच कढईत भाकरी बुडवून फूल, म्हणजे बाकल्याची उसळ, खायचा. दुसरे वैमानिक आमच्या चहाचा पेला आधी रुमालानं पुसत. हा म्हणायचा, "शहाता, तुझ्या चहात अळीचं औषध पडलंय का रे? मग अजून एक दे, पोटातल्या पण मरू देत."

त्याचे डोळे जाताहेत हे मला कळलं ते कहवाघरात. डोमिनो खेळताना तो सोंगटीवरचे ठिपके अंगठ्यानं चाचपू लागला. मग माझ्याशी बोलताना तो माझ्या तोंडाकडे न पाहता कानाकडे पाहू लागला. मी म्हटलं, "कानात काय सापडलं, कॅप्टन? खजिना?" तो हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसणारा माणूस.

त्या हंगामात तो साबिरवर चालून आला. साबिर माझा सर्वांत जुना झेंडेवाला. विमान रेषेत आलं, साबिर सरकला, आणि विमानही त्याच्या मागोमाग सरकलं. साबिरनं झेंडा टाकून पाटात उडी मारली. चाकानं झेंड्याची काठी मोडली. विमान उतरल्यावर रिफअत धावत आला आणि चिखलात माखलेल्या साबिरला म्हणाला, "अरे, पाहिलं होतं मी तुला." साबिर बिचारा भला माणूस, तो हो हो म्हणाला.

मी मात्र रिफअतला पंपाच्या मागे ओढलं. "खरं बोल. काय दिसतं तुला?"

त्याने बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. "कडेकडेचं सगळं दिसतं. कालवा दिसतो, खजुरीची झाडं दिसतात. पण जिथे बघावं तिथेच काही नसतं. तुझ्याकडे पाहिलं की तुझं तोंड पुसलेलं असतं. म्हणून कानाकडे बघतो, मग कुठे तोंड दिसतं."

"आणि झेंड्याच्या कुठल्या कानाकडे बघतोस?"

"बाजूच्या झाडाकडे बघतो," तो म्हणाला. "पण कधी कधी कुठलं झाड ते चुकतं."

मी त्याला तिथेच सांगितलं की येत्या तपासणीत तू नापास हो. मी तशी दुआ मागणार आहे, शुक्रवारी, मोठ्यानं. माझी माणसं त्या पट्ट्याच्या टोकाला उभी असतात. तो म्हणाला, "माग. पण मी दुसरं काय करू तेही अल्लाला विचार." विमानाखेरीज त्याला काहीच येत नव्हतं. बापानं सुई हातात दिली तेव्हा हा छपरावर पतंग उडवत बसला होता.

इन्शिराहनं मात्र हार मानली नाही. ती मुलींच्या शाळेत कवायत शिकवते आणि घरातही शिट्टी गळ्यात असल्यासारखी बोलते. वैमानिकांची तपासणी कैरोला होते, दोन फेऱ्यांत. आधी रक्त, लघवी, छातीचा फोटो. आठवड्यानं डोळे, कान आणि सही. पूर्वी ही कचेरी जुन्या इमारतीत होती, लांबच लांब दालनात. यंदा ती एका चाळवजा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हलवली होती. पहिल्या फेरीला इन्शिराह नवऱ्यासोबत गेली, परसातल्या अंजिरांची टोपली घेऊन. टोपली तिने दारावरच्या शिपायाला, बयूमीचाचाला दिली. दुपारच्या नमाजाला सगळी कचेरी खाली उतरली. म्हातारा बयूमी जाता जाता म्हणाला, "पोरी, पायऱ्या चढून दमली असशील. डोळ्याच्या खोलीत पंखा आहे, तिथे बस." त्याला बिचाऱ्याला वाटलं, बाई थकली आहे.

रिफअत दारात पहाऱ्याला उभा राहिला आणि ती आत गेली. भिंतीवर तक्ता होता. आमच्याकडे असतो तोच, अक्षरांऐवजी तुटक्या कड्यांचा. कडीचं तोंड ज्या बाजूला, त्या बाजूला हात करायचा. तिने तक्त्याला नाक लावून खालच्या सगळ्या ओळी पाठ केल्या. समोरच्या भिंतीवर मोठा आरसा होता. निघताना तिने त्यात पाहून डोक्यावरचा रुमाल नीट केला. हे तिने नंतर मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना कपाळ बडवून घेतलं.

मग घरी आठवडाभर कवायत चालली. तो खुर्चीवर, ती मागे उभी. उजव्या खांद्यावर टिचकी म्हणजे उजवं. डाव्यावर म्हणजे डावं. मानेवर वर, पाठीवर खाली. "उजवं, वर, डावं, डावं, खाली. हात ताठ, रिफअत. माझ्या तिसरीच्या मुली तुझ्यापेक्षा बऱ्या." तो चुकला की ती पहिल्यापासून सुरू करायची. नंतर टिचकीची गरजच उरली नाही. भात ढवळता ढवळता ती नुसतं "तिसरी ओळ" म्हणायची आणि त्याचा हात हवेत आपोआप फिरायचा. मला पाहवत नव्हतं. चाळिशीला आलेला माणूस बायकोसमोर पोरासारखा परीक्षा देतोय, आणि पास झाला की दोघं हसताहेत. तेवढं हसताना मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

"तुझी माणसं मरतील अशी भीती आहे ना तुला?" ती मला म्हणाली. "तो जपून उडेल. एकच हंगाम, शहाता. तोवर मी काहीतरी बघते."

"काय बघशील?"

"ते मला माहीत असतं तर मी अंजीर वाटत फिरले असते का?"

दुसऱ्या फेरीला तिच्या शाळेत परीक्षा होत्या, म्हणून सोबत मी गेलो. त्याला आता रस्ता ओलांडताना कोपर धरावं लागायचं. डोळ्याचे डॉक्टर वयस्क होते, गुडघे दुखत असल्यामुळे हळू बोलणारे. मला म्हणाले, "तुम्ही दारापाशी उभे राहा, तक्त्याच्या मध्ये येऊ नका." रिफअतला खुर्चीवर बसवलं. खुर्ची तक्त्याच्या भिंतीलाच टेकलेली होती. तक्ता त्याच्या डोक्यामागे, आणि तोंड समोरच्या आरशाकडे.

खोली आखूड, म्हणून तक्ता मागे टांगायचा आणि माणसानं तो आरशात वाचायचा. अंतर आपोआप दुप्पट होतं. रिफअतला समोर एक उजेडाचा चौकोन दिसला असेल, बस. तक्ता कुठे, आरसा कुठे, हे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता.

"वरच्या ओळी सोडू," डॉक्टर म्हणाले. "तिसरीपासून."

त्याचा हात ताठ उजवीकडे गेला. मग वर. मग डावीकडे, डावीकडे, खाली. इन्शिराहनं शिकवलेलं तसंच, जराही न अडखळता. मी दारातून आरशात पाहत होतो. पहिली कडी डावीकडे उघडी होती. दुसरी वर. तिसरी उजवीकडे. माझा अख्खा जन्म समोरासमोर उभं राहण्यात गेला आहे, तिसऱ्याच कडीला मला सगळं समजलं. वर-खाली एकूण एक बरोबर, उजवं-डावं एकूण एक उलटं. मी खोकलो असतो, तर कदाचित तो सावध झाला असता. मी खोकलो नाही. आजही तीच वेळ आली तर खोकणार नाही.

डॉक्टरांनी त्याला शेवटच्या ओळीपर्यंत जाऊ दिलं. ती सगळ्यात बारीक ओळ, जी धडधाकट डोळ्यालाही जड जाते. तीही त्याने झरझर दाखवली आणि मान वर करून बसला. त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"माशाल्लाह," डॉक्टर हळू म्हणाले. "पाठांतर चांगलं आहे. पण बाळा, हा आरसा आहे."

रिफअतचा हात अजून हवेतच होता. त्याने तो खाली घेऊन मांडीवर ठेवला.

डॉक्टरांनी दिवे मालवून त्याच्या डोळ्यात बराच वेळ बॅटरी मारून पाहिलं. मग त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. "चष्म्याचं दुखणं असतं तर मी तुला चष्म्यासकट पास केलं असतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे माझ्या सहीनं उडतात. एका डोळ्यानं उडणारा एक आहे, त्याला विमानात बसवून परीक्षा घेतली आणि दिला परवाना. मला लोकांना जमिनीवर बसवण्याची हौस नाही. पण तुझा पडदा मधोमध गेला आहे. अजून जाईल. त्याला जगात कुठे औषध नाही."

"आणि आरसा नसता तर?" रिफअतनं विचारलं.

"तर मी सही केली असती." डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "हे कोण?"

"माझा मेहुणा. झेंडेवाला."

"मग एखाद्या दिवशी तू यांच्या घरी मातीला गेला असतास," डॉक्टर म्हणाले. पाठांतराबद्दल त्यांनी कुठेही काही लिहिलं नाही. नुसतं डोळ्यांचं लिहिलं आणि सही केली. एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला, पण त्याचा उपयोग काय झाला, मला सांगा.

परतीच्या गाडीत तो एकदाच बोलला. "इन्शिराहला सांग की तिने एकही कडी चुकवली नव्हती." मी सांगितलं. तिने भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि आतल्या खोलीत गेली. माझी दुआ कबूल झाली होती आणि मी न जेवताच घरी निघालो.

पुढच्या हंगामाला नवा कॅप्टन आला, तामेर नावाचा तरुण. बरा उडवतो. पहिल्या सकाळी रिफअत शेतावर आला, कडक इस्त्रीच्या जुन्या सदऱ्यात, आणि म्हणाला, "शहाता, मला झेंडा दे."

"वेडा आहेस का? समोरून येणारंच तुला दिसत नाही."

"ऐकू येतं. त्या इंजिनाशी मी तुझ्या बहिणीपेक्षा जास्त बोललोय."

साबिरनं आपला झेंडा त्याच्या हातात दिला. मी नको म्हणू शकलो असतो, मी मुकादम आहे. म्हटलं नाही. त्याला टोकाला उभं केलं आणि त्याच्या मागे अगदी लगत उभा राहिलो. विमान कालव्यावरून वळलं आणि खाली आलं. रिफअतनं झेंडा उंच धरला होता, हात ताठ, अगदी इन्शिराहला आवडेल तसा. मान एका बाजूला वळवून तो खजुरीच्या झाडांकडे पाहत होता. विमान रेषेत आलं.

"उजवीकडे सरक, कॅप्टन," मी ओरडलो.

तो हलला नाही. "कुणाचं उजवं, शहाता?"

मी त्याच्या बाहीला धरून त्याला ओढलं. फवारा आम्हा दोघांवरून गेला, आणि मान वर करून तो अजून विचारतच होता, कुणाचं उजवं.