मैदानावर गवत नाही

मधुकर गेल्याची बातमी मला दुकानातच कळली. मनीषनगरात माझं फरश्यांचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत चालली होती आणि टेबलावरच्या फोनवर, कॉलेजच्या जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर, जोडलेले हात एकामागून एक येऊन पडत होते. वाटलं, कुणाची तरी आई गेली असेल. मग नाव वाचलं. मी फोन उपडा ठेवला आणि हुज्जत पूर्ण केली. गिऱ्हाईक माझ्याच भावात माल घेऊन गेलं. त्यानंतर खुर्चीत बसलो तेव्हा दुःखाच्या आधी राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. या माणसाच्या तोंडून मला एक वाक्य ऐकायचं होतं. ‘शंकर, तुझं बरोबर होतं.’ एवढंच. चार वर्षं मी त्याची वाट पाहत होतो, आणि हा ते न बोलता निघून गेला...

आम्ही एकाच कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळलो. मी बॅक, तो माझ्या पुढे हाफ. मी चुकलो की शिव्या मी त्याला द्यायचो आणि तो नुसता हात वर करायचा, जणू चूक त्याचीच. दुसऱ्या वर्षाला वडील गेले आणि मी शिक्षण सोडून फरश्यांच्या गोदामात माल उतरवायला लागलो. तिथून स्वतःच्या दुकानापर्यंत कसा आलो, ते इथे सांगत नाही. एवढंच सांगतो, की कुणी हात दिला नाही, तोंडानेच तारलं. समोरच्याला काय हवंय ते त्याच्या आधी ओळखायचं आणि आपल्याकडे तेच आहे असं त्याला वाटायला लावायचं. मधुकर मात्र शिकला आणि आमच्याच कॉलेजात क्रीडाशिक्षक झाला. पुढे आमची भेट लग्नाकार्यात व्हायची, तेवढीच.

एक दिवस तो दुकानात आला. उन्हाने काळा ठिक्कर पडला होता. पाण्याचा ग्लास संपवून म्हणाला, “शंकर, आपली टीम संपली गा.” कॉलेजकडे अकरा पोरं उरली नव्हती. वर्षभरापूर्वी आंतरमहाविद्यालयीन सामन्याला नऊ जण घेऊन गेले होते आणि मार खाऊन आले होते. प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं, यंदा संघ उतरला नाही तर मैदानावर गाड्या लागतील. “मी कामठीत, खेड्यापाड्यात पोरं पाहून ठेवली आहेत,” मधुकर म्हणाला, “पण त्यांच्या घरच्यांशी मले बोलता येत नाही. तुले बोलता येते. तू चाल.” मला चढवण्यासाठी तो असं म्हणत नव्हता. मधुकर कधी कुणाला चढवत नसे. म्हणून तर मी दुकान मुलावर सोपवून स्कूटर काढली.

कामठीत पहिलं घर एका विणकराचं होतं. मागच्या खोलीत यंत्रमाग चालू होते, त्यामुळे सगळं मोठ्याने बोलावं लागायचं. पोरगा गोलकीपर, उंच, हाताचे पंजे थाळीएवढे. मी सुरू झालो. कॉलेजचं नाव किती जुनं आहे, खेळाडूंना नोकऱ्या कशा लागतात, सर कसे बापासारखे आहेत. रंगात आलो होतो. श्वास घ्यायला जरा थांबलो तर मधुकर मध्येच म्हणाला, “मैदानावर गवत नाही. गोटे आहेत. गुडघे फुटतात.” मी खाटेखालून त्याला पाय मारला. तो पाय सरकवून पुढे बोलला, “आणि आमची टीम हरते. दोन-तीन वर्षं तरी हरेल.” पोराचा बाप त्याच्याकडे बघतच राहिला.

बाहेर गल्लीत आल्यावर मी भडकलो. “असा माल विकतात का गा?”

“माल कोण विकून राहिला?” तो म्हणाला. “मी पोरगं मागून राहिलो.”

“कोण देईल तुले पोरगं? गोटे सांगून राहिला, गुडघे सांगून राहिला! दवाखान्याचा पत्तापण देऊन टाकायचा होता!”

“तो राहिलाच,” मधुकर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या बापाचा फोन आला. मधुकरला नाही, मला. “जो आदमी अपनी खराबी खुद बताता है, उसके पास लड़का भेज सकते हैं,” म्हणाला. मग आमची पद्धतच पडून गेली. घर कुणाचंही असो, शेतकऱ्याचं, विणकराचं, बुद्धविहाराजवळच्या रेल्वे गँगमनचं... मी बोलायचो, श्वास घ्यायला थांबायचो, आणि त्या फटीत मधुकर शिरायचा. गवत नाही. वसतिगृह नाही. आधीच्या पोरांना नोकऱ्या लागल्या म्हणतात ते खरं, पण दोघांनाच. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून तो माझी उलटतपासणी घ्यायचा. “बापासारखे सर काहून म्हणतलं? मी त्याच्या बापासारखा दिसतो?” मी वाऱ्यात ओरडून शिव्या द्यायचो. आयुष्यात मी इतका कुणाशी भांडलो नाही आणि भांडायला मला इतकं बरंही कधी वाटलं नाही.

संघ उभा राहिला. पहिल्या वर्षी पहिल्याच सामन्यात हरला, पण अकरा जण उतरले आणि दोन बाकावर बसले. मैदान वाचलं. प्राचार्यांनी मधुकरला हार घातला. मला कुणी ओळखलं नाही, तेही मी लक्षात ठेवलं आहे.

आता रेहानबद्दल. हा पोरगा मी शोधला होता, मधुकरने नाही. कामठीच्या एका मोकळ्या जागेवर अनवाणी खेळताना पाहिला. चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा राहायचा. आमच्याकडे सगळं होतं, गोल करणाराच नव्हता. मी त्याच्या घरी खेपा घातल्या. मामाला भेटलो, त्याच्या मोहल्ल्यातल्या उस्तादाला भेटलो, ईदला शीरखुर्मा खाऊन आलो. वडील नव्हते, आई शिवणकाम करायची, तिला मी ‘आपा’ म्हणायला लागलो. शहरातलं दुसरं एक कॉलेजही त्याच्या मागे होतं. त्यांच्याकडे गवताचं मैदान, वसतिगृह, सगळं. तरी मी बोलणं शेवटाला आणलं. फक्त आईचा होकार बाकी होता, म्हणून मधुकरला सोबत नेलं. जाताना बजावलं, “गवताचं सांग, हरकत नाही. बाकी तोंड बंद ठेव.”

त्याने ठेवलं. खरंच गप्प बसला. मी सगळं बोललो, आपांनी ऐकलं, मशीनवरचा कपडा बाजूला केला आणि माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, “सर, आपका खुद का बेटा होता तो कहाँ डालते?”

मी मनात म्हणत होतो, मर्दा, एकदा, फक्त एकदा... आणि त्याने त्या दुसऱ्या कॉलेजचं नाव घेतलं.

गल्लीत काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. शेजारच्या बाया दारात आल्या होत्या. मधुकर एवढंच म्हणाला, “बाईनं विचारलं ना गा.” त्या दिवशी मी त्याला स्कूटरवर घेतलं नाही. तो ऑटोने गेला.

त्याच हिवाळ्यात आमचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. इतकं वर आम्ही आमच्या काळातही गेलो नव्हतो. समोर नेमकं तेच कॉलेज. गोल एकच झाला आणि तो रेहानने केला. आमचा गोलकीपर, तो थाळीएवढ्या पंजांचा, जमिनीवर पडून राहिला होता. आणि मधुकर बाकावर बसून टाळ्या वाजवत होता! मी सगळ्या पोरांसमोर त्याला बोललो. तुझी टीम हरली, तू हरवली, आता टाळ्या पिट. त्याने हात वर केला, पूर्वी मैदानावर करायचा तसा. तो हात बघून माझा राग आणखी चढला.

आणि मग जे झालं, त्यामुळे मी आजही म्हणतो की माझं बरोबर होतं. पुढच्या वर्षी रेहानचा गुडघा गेला. त्या गवतावर, गोट्यांवर नाही. दुसरा फॉरवर्ड आला तसं त्या कॉलेजने त्याच्याकडे बघणं बंद केलं, वसतिगृहाची खोली गेली. आमच्याकडे असता तर मधुकरने त्याला पाठीवर घेऊन शिकवलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. मधुकरलाही माहीत होतं. मी मुद्दाम कॉलेजात जाऊन विचारलं, “पाहिलं?” तो जाळीचे तुटलेले दोरे बांधत होता. “हो,” म्हणाला. बस, हो. मी उभा राहिलो. पुढे काही नाही. मी तसाच निघून आलो आणि बरेच महिने बोललो नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तो न बोलावताच, बोलावल्यासारखा आला, पंगतीत वाढायला लागला, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. पण वरवरचं. रेहानचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही नाही.

शेवटचा भेटला तो सदर बाजारात. रिटायर होऊन वर्ष झालं होतं. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. “काय गा इकडे?” मी विचारलं. म्हणाला, “चष्मा कराले आलो.” मी म्हटलं, चांगला जाड कर, म्हणजे फॉरवर्ड दिसतील. तो हसला आणि रस्ता ओलांडून गेला. चष्मा वगैरे काही नव्हतं. त्या पिशवीत दवाखान्याचे कागद होते, असं त्याच्या बायकोने, सुनंदा वहिनींनी, मला तेराव्याला सांगितलं. मी म्हणालो, “वहिनी, सगळ्या दुनियेला खरं सांगणारा माणूस, माझ्याशीच खोटं बोलला?” त्या डोळे पुसता पुसता हसल्या. “मी म्हटलं होतं त्यांना, शंकरभाऊंना सांगा म्हणून. तर म्हणाले, नको, तो डॉक्टरशी भाव करत बसेल.” बसलोच असतो. डॉक्टरशी, औषधवाल्याशी, जो कोणी त्याला घेऊन जायला आला असेल त्याच्याशीही. तेवढं एक मला येतं, आणि तेच त्याने मला करू दिलं नाही.

घाटावर रेहान आला होता. जरा लंगडतो. कामठीत मोबाईल दुरुस्तीची टपरी आहे त्याची. गर्दी पांगल्यावर मी त्याला विचारलं, “तुला राग नाही येत सरांचा?”

“किस बात का, चाचा? अम्मी ने पूछा, उन्होंने बता दिया.”

“मला विचारलं असतं तर मी तुला आमच्याकडेच आणलं असतं.”

“मालूम है,” तो म्हणाला आणि एवढ्या सगळ्यात हसला. “अम्मी को भी मालूम था.”

गेल्या आठवड्यात कॉलेजातले नवे क्रीडाशिक्षक दुकानात आले. तरुण आहेत, नम्र आहेत. बॅकला एक पोरगा हवा आहे, घरचे ऐकत नाहीत, तुम्ही चला म्हणाले. मी नाही म्हणणार होतो. गेलो. कामठी रोडच्या वस्तीतलं स्वच्छ, लहान घर. पोराची आई आणि आजा समोर बसले, चहा आला. मी सुरू झालो. माझी जीभ अजून चालते. कॉलेजचं नाव, नोकऱ्या, सर कसे बापासारखे आहेत. नवे सर माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. आजाही डोलवायला लागला. पोरगं आमचंच होतं, हे मला दिसत होतं. मी श्वास घ्यायला थांबलो.

थांबलो तो थांबलोच. चहाच्या कपाशी चाळा करत शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. नवे सर आदराने माझ्याकडे बघत होते. कोणी काही म्हणेना. मी आणखी थोडा थांबलो...

“बोला ना भाऊ,” पोराची आई म्हणाली. “थांबले काहून?”

मी तिला पाणी मागितलं.