शांतवनभाऊंची बुडी

महाल भागात दुचाकीच्या सीटांना कव्हर शिवणारे शांतवन लोखंडे यांना पाहून, या माणसाला कशाची भीती वाटत असेल असं कोणाच्या मनातही येत नसे. दुकानाच्या दारातून आडवं होऊन आत शिरावं लागेल एवढा देह. एकदा गल्लीत बिथरलेला गोऱ्हा घुसला. सगळे भराभर शटर ओढत असताना शांतवनभाऊ त्याची शिंगं धरून त्याची समजूत काढत उभे होते. हुडकेश्वरला ते राहत त्या लेआउटमध्ये साप निघाला की पहिली हाक त्यांनाच.

भेव होतं ते फक्त पाण्याचं. बादलीपर्यंत त्यांची आणि पाण्याची ओळख, त्यापुढे नाही. आंघोळसुद्धा खांद्यांपासून खाली. डोकं धुवायचं तर नळाखाली वाकून, नाक सांभाळून. लहानपणी पारशिवनीजवळ मामाच्या गावी ते विहिरीत पडले होते. लोकांनी लगेच काढलं, पण ते गार हिरवं पाणी त्यांच्या डोक्यातून कधी निघालं नाही.

यानं तसं काही अडलं नसतं. पण त्यांच्या मंडळीत बाप्तिस्मा घ्यायचा तो मोठेपणी, समजून उमजून, आणि तोही नदीत पूर्ण बुडी देऊन. बायको कामिनी कधीच घेऊन मोकळी झाली होती. शांतवनभाऊ मात्र रविवारी उपासनेत सगळ्यांत पुढं बसून गात, प्रार्थनेला ‘आमेन’ असं म्हणत की पंखा थांबल्यासारखा वाटे, आणि बाप्तिस्म्याची तारीख जाहीर झाली की आजारी पडत. एक साल कान फुटला. एक साल लग्नसराईच्या ऑर्डरी आल्या. एकदा तर पाणी फार गढूळ आहे म्हणून त्यांनी नदीलाच नापास केलं. पास्टर धर्मेंद्र अंगानं काडी आणि स्वभावानं लोणी. ते दरवेळी म्हणत, देवाला घाई नाही. कामिनीला मात्र होती.

यंदा तारीख जाहीर झाली आणि शांतवनभाऊंनी खोकून पाहायला सुरुवात केली, तोच तुळसाबाई काठी टेकत त्यांच्यापुढं येऊन बसली. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे गेलेले. तिलाही बाप्तिस्मा घ्यायचा होता.

“शांतवन, मले पाण्याचं लय भेव लागते गा,” ती म्हणाली. “तू तगडा हायस. मले उचलून पाण्यात नेशीन का?”

“नेईन ना माय,” शांतवनभाऊ म्हणाले. तोंडातून शब्द गेल्यावर मग त्यांना घाम फुटला.

पेंच नदीच्या काठावर मंडळी गात उभी होती. शांतवनभाऊंनी तुळसाबाईला पोरीसारखं उचललं. ती डोळे गच्च मिटून त्यांच्या गळ्याला लटकली होती. तिचं लुगडं सांभाळ, पायाखालचा गोटा चाचप, ‘भेऊ नको माय, मी हाय ना’ असं तिला सांग, या गडबडीत पाणी कमरेला कधी लागलं ते त्यांना कळलंच नाही. पास्टरांनी नाव घेतलं, म्हातारी बुडली, वर आली आणि खुदकन हसली. तिला धरून काठावर न्यायला कामिनी पुढं आली. हात रिकामे झाले तेव्हा शांतवनभाऊंनी खाली पाहिलं, आणि कमरेभोवतीचं पाणी त्यांना दिसलं.

“आता आलेच आहात तर घेऊनच टाका,” पास्टर हळूच म्हणाले.

शांतवनभाऊंनी मान हलवली. “नाही साहेब. हे तर मी भुलून आलो. असं नाही चालत.”

ते फिरले आणि पाणी कापत काठावर गेले. कामिनीनं कपाळावर हात मारला. तिला वाटलं, हुकलं हेही साल. पण शांतवनभाऊ ओल्या वाळूत गुडघे टेकून बसले. प्रार्थनेला त्यांचा आवाज एरवी गल्लीभर जायचा; आज तो शेजारच्या कामिनीलाच काय तो ऐकू आला.

“प्रभू, मले भेव लागून राहिलं. ते जाईन म्हणून लय वाट पाहिली. आता तू पुढं चाल, मी येतो मागून.”

आणि ते उठून चालू लागले. या वेळी प्रत्येक पाऊल कळत होतं. घोटा, गुडघा, कंबर. दात वाजत होते, पण पाय थांबले नाहीत.

पास्टरांनी एक हात त्यांच्या पाठीला लावला. खरं तर तिथं चौघे लागले असते. ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं’ म्हणून त्यांनी भाऊंना मागं झुकवलं, आणि शांतवनभाऊंनी जाता जाता आधार म्हणून जे हाताला लागलं ते धरलं. ती पास्टरांची कॉलर होती. दोघंही एकदम गडप.

पाण्याखाली शांत होतं. विहिरीतल्यासारखंच हिरवं, पण भाऊंना वाटलं, आपल्याला कोणीतरी खालून तोलून धरलं आहे. पास्टर तर नक्कीच नव्हते. ते त्यांच्या छातीवर होते.

शांतवनभाऊ उभे राहिले ते पास्टरांना काखेत घेऊनच. काठावर गाणं केव्हाच बंद पडलं होतं, लोक पोट धरून हसत होते. पास्टर खोकत खोकत हसत होते आणि भाऊ रडत होते की हसत होते, ते नाकातोंडातून गळणाऱ्या पाण्यामुळं समजत नव्हतं.

परतीला पारशिवनीच्या स्टँडवर तर्री-पोहे खाताना कामिनीनं विचारलं, गेलं का भेव? त्यांनी खरं ते सांगितलं.

“नाही वं. मले वाटे, ते गेल्यावर पाण्यात जाऊ. ते काही गेलं नाही, माझ्या संगच पाण्यात आलं. पण त्याच्याहून मोठा प्रभू होता ना तिथं.”

आणि त्यांनी दुसरी प्लेट मागवली, तर्री जास्त घालून.