म्हातारीला वेळ दिला तो दिवस

ओमानातल्या सहमजवळच्या त्या शेतावर आम्ही राहायला गेलो, तेव्हा खजुरीच्या बागेच्या टोकाला दोन चिंपांझी आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या यांची नोकरी पंप, मोटारी आणि वायरिंग सांभाळायची. पण शेतावर ‘हे माझं काम नाही’ म्हणणारा माणूस टिकत नाही. आधीचा रखवालदार केरळला परत गेला आणि त्या दोघांचं खाणंपिणंही यांच्याच गळ्यात पडलं. अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या वडिलांनी कधीकाळी हौसेनं आणलेली ती जोडी. वडील गेले, हौस गेली, जोडी राहिली.

मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातली. आपल्याकडे माकडाच्या वाट्याला एक धड म्हण आलेली नाही. हातात कोलीत त्याच्याच, आणि नाकातोंडात पाणी गेलं की पिल्लाला पायाखाली घेणारीही माकडीणच. ही माकडं नव्हेत, यांना शेपूट नसतं, असं मला पहिल्याच दिवशी ऐकवण्यात आलं. मी म्हटलं, शेपूट तर माझ्या नणंदेलाही नाही. पण दुपारची भांडी झाली की मीच खुर्ची घेऊन पिंजऱ्यासमोर बसायला लागले. बघण्यासारखं दुसरं होतं काय तिथे?

म्हातारा आणि म्हातारी, एवढंच आम्ही त्यांना म्हणायचो. अर्बाबची गाडी दिसली की म्हाताऱ्याचे केस उभे राहायचे, अंग दुप्पट व्हायचं, तो पत्रा बडवून सगळा मळा डोक्यावर घ्यायचा. गाडी गेली की ओठ लोंबता सोडून गप्प बसायचा. तलाठी येऊन गेल्यावर आमचे सासरे असेच बसत. कधी केळ्यावरून दोघांचं वाजलं की म्हातारा पाठ फिरवायचा. म्हातारी लगेच जवळ जात नसे. आधी लांब बसून स्वतःचाच हात खाजवायची, मग जरा सरकायची, मग अजून जरा, आणि शेवटी त्याच्या पाठीतले केस विंचरायला लागायची. तोही उपकार केल्यासारखा हात वर करून काख पुढे करायचा. रुसवा काढायची ही रीत आम्हा दोघींनाही कुणी शिकवलेली नव्हती.

म्हातारा थंडीच्या दिवसांत गेला. सकाळी हे पपई घेऊन गेले, तर तो बाहेरच्या भागात कुशीवर पडलेला आणि म्हातारी त्याच्या उशाशी. यांनी मला हाक मारली. आवाजावरूनच मी समजले.

पिंजऱ्याचे दोन भाग होते, मध्ये साखळीनं खाली सोडायचं लोखंडी दार. म्हातारी आतल्या खोलीत गेली तरच ते दार पाडून म्हाताऱ्याला बाहेर काढता येणार होतं. ती असताना आत पाऊल टाकायची कुणाची हिंमत नव्हती, कारण तिच्या हातात चार गड्यांचं बळ होतं. खोलीत केळी ठेवून पाहिली, खजूर ठेवला. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

अर्बाब आला, सोबत जनावरांचा डॉक्टर. डॉक्टर म्हणाला की लांबून बेशुद्धीचं इंजेक्शन मारता येईल, पण हिचं वय पाहता ती उठेलच असं सांगता येत नाही. अर्बाब वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं साधं होतं, की गेलेल्याला ताटकळत ठेवणं म्हणजे त्याचा अपमान, मग तो माणूस असो की जनावर. त्यांच्यात लवकरात लवकर माती देतात. तो म्हणाला, यल्ला, चला, इंजेक्शन मारा.

तेव्हा आमचे हे पुढे झाले. इतक्या वर्षांत यांनी अर्बाबकडे स्वतःहून सुट्टीसुद्धा मागितलेली मला आठवत नाही. मागायचं असलं की मला पुढे करायचे, म्हणजे अर्बाबच्या बायकोकडे.

"अर्बाब, थोडा रुको," हे म्हणाले. "उसको देखने दो. देखेगी तो खुद छोड़ेगी."

अर्बाबनं विचारलं, तुला काय माहीत? यांनी जाऊन दाराची साखळी धरली. मला मात्र माहीत होतं. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या. आमच्याकडे परदेशातल्या मुलासाठी थांबतात. बर्फ आणतात, लोक ओट्यावर बसून राहतात, पण मुलाला तोंड दाखवल्याशिवाय उचलत नाहीत. हे मस्कतहून मिळेल त्या विमानानं निघाले. पण उन्हाळा होता, लांबून आलेले पाहुणे खोळंबले होते, आणि धाकट्या दिरानं ठरवलं की आता उचलू या. हे घरी पोचले तेव्हा अंगण सारवून झालं होतं. तेव्हापासून भावाभावांत अबोला. मी यांना कितीदा समजावलं होतं, की गेलेलं माणूस गेलं, चेहरा पाहिला काय न् नाही काय. माझं आपलं असंच, उचलली जीभ लावली टाळ्याला.

अर्बाबनं असरच्या, म्हणजे ऊन कलतानाच्या नमाजापर्यंत वेळ दिला. त्यानंतर इंजेक्शन, खलास.

मग आम्ही बसून राहिलो. म्हातारीनं म्हाताऱ्याच्या अंगावरची काडी न् काडी वेचली. बोटांनी त्याचं तोंड उघडून आत पाहिलं. त्याचा हात उचलायची आणि सोडायची, पुन्हा उचलायची. एकदा ताडकन उठली आणि त्याच्या छातीवर तळहात आपटला, जोरात. बघायला जमलेल्या गड्यांपैकी एक जण हसला. यांनी त्याला असं झापलं की सगळेच पांगले. मला आमच्याकडच्या बायकांचं रडं आठवलं, ऊर बडवून ‘उठा की हो’ म्हणणारं. तिला काय वाटत होतं ते मला सांगता येणार नाही. माणसाचं तरी कुठे सांगता येतं? पण ती काहीतरी तपासून पाहत होती, आणि उत्तर मिळेपर्यंत हलणार नव्हती, एवढं मला दिसत होतं.

ऊन कलायला लागलं. डॉक्टर गाडीतून पेटी काढायला गेला. माझा जीव टांगणीला लागला, आणि हे साखळी धरून नुसते उभे.

म्हातारी उठली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला नाक लावून बराच वेळ हुंगलं. मग चार पायांवर, गुडघे दुखणाऱ्या बाईसारखी, सावकाश आतल्या खोलीत गेली आणि नळाला तोंड लावून पाणी प्यायली. आमच्याकडे पाठ करून बसली.

मी खुणेनं म्हटलं, पाडा दार. यांनी पाडलं नाही. ती परत फिरतेय का, याची वाट पाहिली. ती फिरली नाही, तेव्हा साखळी हळूहळू सोडली, दाराचा आवाज होऊ न देता.

म्हाताऱ्याला चटईत गुंडाळून बागेच्या कडेला पुरलं. पहिली माती अर्बाबनं टाकली. म्हातारीनं त्या दिवशी काही खाल्लं नाही, पण तिनं बाहेरच्या भागात येऊन त्याला शोधलंही नाही. डॉक्टर जाताना यांच्याशी हात मिळवून गेला.

अंधार पडायला लागला तरी हे पिंजऱ्यापाशीच बसलेले. मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, तुमच्यामुळे वाचली ती. यांनी कप घेतला, प्यायले नाहीत.

"तिला पटलं गं, तो गेला म्हणून," हे म्हणाले. "मला अजून रविवार आला की वाटतं, आईला फोन करायचा राहिला."

मी आधी जरा लांब बसले, मग जरा सरकले, मग अजून जरा.